स्वालबार्ड की स्पिट्सबर्गन?

दोन्ही नावं बरोबर आहेत, पण एकाच जागेची नाहीत. आज स्वालबार्ड म्हणजे आर्क्टिकमधला नॉर्वेचा अख्खा द्वीपसमूह, सुमारे ६१,००० चौ. किमी. स्पिट्सबर्गन हे त्यातलं सर्वांत मोठं बेट, साधारण ३७,७०० चौ. किमी. आकडे उचलताना घोळ होतो तो इथेच.

स्पिट्सबर्गनचा उगम स्वच्छ आहे: १५९६ मध्ये डच खलाशी विलेम बारेंट्सच्या मोहिमेला टोकदार डोंगर दिसले, म्हणून ‘टोकदार डोंगर’ हेच नाव पडलं. स्वालबार्ड शब्द त्याहून जुना. आइसलँडच्या वृत्तांतात ११९४ साली ‘स्वालबार्दी सापडलं’ एवढीच नोंद आहे. ‘स्वाल’ म्हणजे थंड, ‘बार्द’ म्हणजे कड. तो प्रदेश हाच की ग्रीनलंडचा किनारा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. तरी नॉर्वेने १९२५ च्या कायद्यात हेच नाव घेतलं. जुना नॉर्स (म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन) वारसा सांगण्याचा तो उघड प्रयत्न होता, असं मला वाटतं.

जुने कागद मात्र जपून वाचा. द्वीपसमूहावर नॉर्वेची सत्ता मान्य करणाऱ्या १९२० च्या पॅरिस करारात ‘स्पिट्सबर्गन’ म्हणजे पूर्ण द्वीपसमूह. रशियनमध्ये ‘श्पित्सबेर्गेन’चा तोच अर्थ आजही चालतो. मुख्य बेट नॉर्वेजियन नकाशांत १९६९ पर्यंत ‘वेस्टस्पिट्सबर्गन’ होतं.

मराठीत लिहिताना: नॉर्वेजियन उच्चारात शेवटचा ‘ड’ ऐकू येत नाही, पण ‘स्वालबार्ड’ रूढ आहे, तेच ठेवावं. भारताचं ‘हिमाद्री’ हे आर्क्टिक संशोधन केंद्र (२००८) स्पिट्सबर्गन बेटावर आहे, म्हणून तिथे दोन्ही नावं चालतील. द्वीपसमूहातल्याच, पण वेगळ्या असलेल्या बेअर बेटासाठी फक्त स्वालबार्ड.