साइड ड्रमचा जंग काढायला लिंबूसत: कुठं चालतं, कुठं नाही

लग्नसराई आटोपली की बँडचे ड्रम माळ्यावर जातात. पावसाळाभर तिथेच पडून राहतात आणि गणपतीच्या तोंडावर खाली काढले की रिंगा तांबारलेल्या, बोल्ट जाम. तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये गेलं की दुकानदार रस्ट रिमूव्हरची बाटली पुढं करतो. तेवढे पैसे घालायची गरज नाही. किराण्यातलं लिंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड, हेच काम नीट करतं. आमचे गुण ५ पैकी ४. एक कापला, कारण ते लोखंडापुरतंच आहे आणि पाकिटावर तसं कुठं लिहिलेलं नसतं.

घेताना साधं पांढरं दाणेदार घ्या. गठ्ठा झाला असेल तरी चालतं, फक्त वजन करून टाका. ॲसिडिटीची फसफसणारी पावडर आणू नका. तिच्यात सोडाही असतो, त्यामुळे फेस भरपूर येतो पण आंबटपणा तिथंच मरतो.

प्रमाण लिटरभर कोमट पाण्याला ५० ग्रॅम. एका साइड ड्रमच्या बोल्टांना ३ लिटर पाणी, १५० ग्रॅम पुरतं. भांडं प्लास्टिकचं हवं, ॲल्युमिनियमची परात नको. त्याआधी बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा आटा करत सैल करा. एकाच बाजूनं मोकळे केले तर रिंग वाकते. मग भांड्याच्या साबणानं आणि जुन्या ब्रशनं तेल-चिकटा काढा, कारण ग्रीसखाली ॲसिड पोचतच नाही. हातमोजे घाला. आणि या पाण्यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

हलका जंग तास-दोन तासांत सुटतो. दर अर्ध्या तासानं बोल्ट काढून ब्रश मारायचा. आट्यांत काळा गाळ दिसला म्हणजे काम होतंय. रात्रभर विसरलात तर जंग संपल्यावर ॲसिड लोखंडाला लागतं आणि बोल्ट राखाडी, खरबरीत होतो.

खरी गडबड होते ती सगळे पार्ट एकाच घमेल्यात टाकल्यानं. आधी प्रत्येकाला लोहचुंबक लावा. घट्ट धरलं तर लोखंड, टाका बिनधास्त. धरलं नाही तर पार्ट आतून, न दिसणाऱ्या जागी जरासा खरवडा. पिवळं दिसलं तर पितळ, पांढरट राखाडी दिसलं तर जस्ताचं ओतीव. बऱ्याच ड्रमचे लग, म्हणजे ड्रमच्या अंगावरचे ज्यांत बोल्ट फिरतात ते पार्ट, असे जस्ताचे असतात. ते लिंबूसतात गेले की बारीक बुडबुडे येतात, जस्त खाल्लं जातं आणि वरचा मुलामा पापुद्र्यासारखा उचलतो. एकदा उचलला की परत बसत नाही. लग नुसते साबणाच्या पाण्यानं धुवा, आतल्या स्प्रिंगभोवती थोडा कापूस ठेवा म्हणजे वाजवताना खडखडणार नाही. पितळी नट लोखंडी बोल्टांसोबत भिजवले तर पाण्यात उतरलेलं तांबं बोल्टांवर बसतं आणि ते गुलाबी होऊन निघतात. जुना लडविग सुप्राफोनिक (अमेरिकन कंपनीचा स्नेअर ड्रम) कुणाकडे असेल तर त्याचा शेल, म्हणजे ड्रमचं गोल अंग, या पाण्यापासून लांबच ठेवा. बहुतेक शेल ॲल्युमिनियमवर क्रोम चढवलेले आहेत.

क्रोमच्या रिंगेवर नुसते ठिपके असतील तर भिजवायचीही गरज नाही. पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल चुरगळायचा, पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यानं ओरखडे पडत नाहीत. जिथं क्रोम उडून खड्डे पडले, तिथं जंग निघेल, खड्डे राहतील. टॉयलेट क्लीनर किंवा बाजारातलं ‘ॲसिड’ मात्र अजिबात नको. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोमच विरघळवतं.

धुणं हा वेगळाच मुद्दा, विशेषतः अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात. बोअरच्या खाऱ्या पाण्यातला क्लोराइड बारीक भेगांत बसतो आणि नवा जंग तिथूनच सुरू होतो. म्हणून आधी लिटरला चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून आंबट मारायचं, आणि शेवटचं धुणं आरओच्या जारमधल्या पाण्यानं. लगेच फडक्यानं पुसा. उघडं लोखंड हवेत काही मिनिटांत पिवळं पडतं. मे महिन्यात पत्र्यावर ठेवलं की झालं, श्रावणात हेअर ड्रायर धरावा लागतो.

तेल कोणतं, यावरही बोलायला हवं, कारण घरोघरी खोबरेल लावतात. ते पुढं चिकट होतं, धूळ धरतं आणि चावी फिरवताना आटे करकरतात. आट्यांना शिलाई मशीनचं तेल थेंबभर, रिंगेला गाडीच्या वॅक्सचा पातळ हात. ताशाचं भांडं तांब्याचं असेल तर तिथं लिंबूसताची गरजच नाही, चिंच आणि भरपूर पाणी पुरे.

पान, म्हणजे वाजवायचा पडदा, चढवताना बोल्ट आधी हातानंच फिरवून बघा. दोन आट्यांत अडकला तर चावीनं रेटू नका. आट्यांत जंगाचा कण राहिलाय, ब्रश मारून पुन्हा लावा.