व्हीओटू नॅनोपावडर मागवताय? बाटलीवरचे नॅनोमीटर नंतर, आधी फेज (अणूंची मांडणी) विचारा

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी यावर्षी व्हॅनेडियम डायऑक्साईडची, म्हणजे व्हीओटूची नॅनोपावडर दोनदा मागवली, दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून. पहिली पूर्ण वाया गेली, दुसरी इतकी छान निघाली की कॉलेजात शिकवणाऱ्या बाकीच्यांनाही कळावं म्हणून लिहितेय. दोघांची नावं देत नाहीये, कारण मुद्दा दुकानाचा नाहीच, काय विचारून घ्यायचं त्याचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा पदार्थ साधारण ६८ डिग्री सेल्सिअसला अचानक इन्सुलेटरसारखा वागायचं सोडून धातूसारखा वागायला लागतो. १९५९ मध्ये बेल लॅब्जच्या मॉरिन यांनी हे पहिल्यांदा दाखवलं. थंड असताना व्हॅनेडियमचे अणू ओळीत दोन-दोनच्या जोड्या करून बसलेले असतात आणि इलेक्ट्रॉन अडकलेले असतात, ६८ ओलांडलं की जोड्या सुटतात, अणू समान अंतरावर येतात आणि इलेक्ट्रॉन मोकळे. चांगल्या क्रिस्टलमध्ये रेझिस्टन्स दहा हजार ते लाख पट पडतो!! आता जोड्या जमल्या म्हणून इलेक्ट्रॉन अडकतात की इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात म्हणून, यावर साठ वर्षं झाली तरी भांडण चालूच आहे. आणि हे सगळं गरम पाण्याच्या तापमानाला, म्हणजे लिक्विड नायट्रोजन नको काही नको, कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये होण्यासारखं. म्हणून तर हा विषय घेतला.

पहिली बाटली. लेबलवर ठळक अक्षरात ८० नॅनोमीटर, ९९.९ टक्के शुद्ध. रंग बरोबर, निळसर काळा. मुलांनी हायड्रॉलिक प्रेसमध्ये पावडर दाबून पेलेट, म्हणजे चकती पाडली, सिल्व्हर पेस्टने तारा चिकटवल्या, हॉट प्लेटवर ठेवून मल्टिमीटर लावला आणि ३० पासून ९० पर्यंत नेलं. रेझिस्टन्स हळूहळू उतरत गेला, कुठल्याही सेमीकंडक्टरचा उतरतो तसा. उडी नाहीच. दोन पोरांचे तीन आठवडे यात गेले, त्यांना वाटलं कॉन्टॅक्ट नीट लागत नाहीयेत, पेस्ट खरवडून परत लावली, पेलेट परत पाडली, प्रेशर वाढवून बघितलं, मीही तेच सांगत बसले. शेवटी युनिव्हर्सिटीत एक्सआरडी (एक्स-रे टाकून अणूंची मांडणी ओळखायची तपासणी) करून आणला तेव्हा कळलं, ग्राफमधलं मुख्य पीक, म्हणजे टोक, २५ डिग्रीच्या जरा पुढे (हा कोन, तापमान नाही), म्हणजे हा बी फेज. फॉर्म्युला तोच, व्हॅनेडियम एक ऑक्सिजन दोन, शुद्धता पण खरी असेल, पण अणूंची मांडणी वेगळी आणि त्या मांडणीला ६८ ची उडी येत नाही. आपल्याला हवा असतो एम फेज, त्याचं मुख्य पीक २७.९ च्या आसपास येतं. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की लेबलवर फेज लिहिलेलाच नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण मग किमतीत तरी फरक ठेवा ना.

बी फेज आर्गॉनमध्ये ५०० च्या आसपास तापवून बदलता येतो, तेही करून बघितलं. मधेच सिलिंडर संपला, भट्टीच्या ट्यूबमध्ये हवा शिरली आणि सकाळी उघडून बघितलं तर आत पिवळसर केशरी पावडर, म्हणजे पुढे ऑक्सिडाईज होऊन सरळ व्हीटूओफाईव्ह (व्हॅनेडियम पेंटॉक्साईड) झालेलं. हे विषारी असतं, मास्क आणि हातमोजे घालूनच हात लावा, मुलांना तर सक्तच सांगा.

दुसऱ्या विक्रेत्याला मागवायच्या आधीच मेल केली की फेज कुठला, एक्सआरडी आणि डीएससी (तापवताना पदार्थ कुठे जास्त उष्णता घेतो ते दाखवणारा ग्राफ) दोन्ही पाठवा. दोन दिवसांत त्याच बॅचचे ग्राफ आले, डीएससीमध्ये तापवताना ६७ च्या जवळ स्वच्छ पीक. पाच ग्रॅम मागवली, महाग पडली पण प्रत्येक रुपया वसूल. बाटली आर्गॉन भरून डबल सीलमध्ये आली. एकच तक्रार, लेबलवर ५० नॅनोमीटर आहे पण एसईएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, बरेच कण १०० ते २०० चे आणि गुठळ्या झालेल्या दिसतात. एक्सआरडीवरून काढलेला क्रिस्टलाईट साईज, म्हणजे कणाच्या आतल्या एकसलग क्रिस्टलच्या तुकड्याचा आकार, मात्र ४५ च्या आसपास येतो, मला वाटतं विक्रेत्याने तोच आकडा छापलाय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका कणात अनेक क्रिस्टलाईट असू शकतात, ते लेबलवर स्पष्ट लिहायला हवं.

आणि परफॉर्मन्स! खोलीच्या तापमानाला आमच्या पेलेटचा रेझिस्टन्स ४० किलोओहम, ८० डिग्रीला ६०० ओहम. क्रिस्टलसारखी लाख पट उडी नाही, दाबलेल्या पावडरीत कणाकणांमधल्या सांध्यांचा रेझिस्टन्स मधे येतो त्यामुळे ती अपेक्षा ठेवू नका, पण वर्गात दाखवायला हे भरपूर आहे. आम्ही पेलेटच्या सिरीजमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक लाल एलईडी जोडला. आधी एलईडी नुसता मिणमिणत होता. एका मुलीने हेअर ड्रायर धरला, शेजारी पीटी-१०० या तापमान सेन्सरचा आकडा चढत होता, ६०, ६४, ६६, काहीच नाही, आणि ६८ च्या पुढे बघता बघता एलईडी लख्ख. मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे आली.

मग ड्रायर बंद केला. पारा उतरत ६२ वर आला तरी एलईडी तसाच लख्ख, तेव्हा एकाने विचारलं, मॅडम मगाशी ६२ ला हा मिणमिणता होता ना, आता कसा काय? अख्खं वर्ष हिस्टरेसिस (जाताना आणि येताना बदल वेगळ्या तापमानाला होणं) शिकवून जे होत नाही ते त्या एका प्रश्नात झालं. त्याला म्हटलं, पंगतीत पहिलं कुणीतरी उठल्याशिवाय बाकीचे उठत नाहीत ना, तसंच. बदल सुरू व्हायला कणात कुठेतरी एखादा दोष, एखादी खोड लागते. मोठ्या क्रिस्टलमध्ये म्हणजे दोनशे पानांच्या पंगतीत कुणी ना कुणी लवकर उठतंच, म्हणून तिथे जाताना-येतानाचा फरक एक-दोन डिग्रीचा. नॅनो कण म्हणजे चार पानं, चौघंही बसून राहू शकतात, म्हणून तो ६८ च्या बराच खाली येईपर्यंत धातूच राहतो. काचेत बसवलेल्या अगदी छोट्या कणांमध्ये हा फरक ५० डिग्रीच्या घरातही गेलेला आहे. आमच्या पेलेटमध्ये १० निघाला, ५८ ला एलईडी परत मंद.

या दुसऱ्या विक्रेत्याकडचीच टंगस्टन घातलेली पावडरही एक ग्रॅम घेतली. साधारण एक टक्का टंगस्टनने ट्रान्झिशन वीस-एक डिग्री खाली येतं, आमचं ४५ ला आलं. स्मार्ट काचा करणारे यामागे लागलेत ते याचसाठी, ऊन वाढलं की काच आपोआप इन्फ्रारेड अडवणार पण उजेड येऊ देणार. मात्र उडी खूपच लहान होते, एलईडीचा प्रयोग यावर करू नका, चौथ्या बाकावरून फरक कळतसुद्धा नाही.

पेलेट पंधरा-वीस वेळा तापवून गार केली की कडा सुटायला लागतात, कारण प्रत्येक उडीला आतली रचनाच बदलते, आकार किंचित हलतो. दोन-तीन पेलेट जादा पाडून ठेवा. उरलेली पावडर डेसिकेटरमध्ये, झाकण घट्ट. पुढच्या सेमिस्टरला परत पाच ग्रॅम मागवणार आहे, मेल आजच टाकली, नव्या बॅचचा एक्सआरडी आधी पाठवा म्हणून.