कौलांची बारकी दुरुस्ती, नारायण पेठ: एकदाचा कामाचा मिस्त्री मिळाला

रिव्ह्यू लिहायचं कारण एवढंच की पुण्यात कौलांचं काम करणारा माणूस शोधणं हेच मुळात अवघड होऊन बसलंय. स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगवाले पाहिजे तेवढे, नुसतं सर्च केलं तरी दिवसभर फोन येत राहतात, पण चार कौलं फुटलीयत, कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्यांपैकी एक रीप कुजलीय, तेवढंच करून द्या म्हटलं की समोरचा गप्प. नाहीतर सरळ, "काढून टाका की ते, पत्रा टाकू." एका कंपनीचा माणूस तर वर चढलासुद्धा नाही, अंगणातूनच मान वर करून बघितलं आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पावणेदोन लाखाचं कोटेशन, सगळं छप्पर उतरवून कलर कोटेड पत्रा, वर दहा वर्षांची वॉरंटी. गळत होतं किती, तर एक बादली लावली की काम भागत होतं.

घर जुनं आहे, माडीवर मंगलोरी कौलं. 1961 ला पानशेतच्या पुरात खालचा मजला पाण्यात गेला होता पण वरचं छप्पर शाबूत राहिलं, तेच आजपर्यंत चालू आहे, अधूनमधून कौलं चाळून, म्हणजे काढून साफ करून परत लावून घेतो एवढंच. तर यंदा केबलवाला वायर ओढायला कौलांवरून रस्त्यावरून चालावं तसा बिनधास्त चालत गेला आणि वळवाच्या पहिल्याच सरीला आईच्या कपाटावर धार लागली. आता बघू जूनमध्ये म्हणायची सोय राहिलेली नाही, 2025 ला तर 26 मे लाच मान्सून पुण्यात हजर झाला होता, अर्ध्या लोकांची ताडपत्रीसुद्धा आणून झाली नव्हती.

भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये रीपेची चौकशी करायला गेलो तिथे एका दुकानातल्या काकांनी या मिस्त्रींचा नंबर दिला. सगळे त्यांना मामाच म्हणतात. सकाळी फोन केला, त्याच दिवशी संध्याकाळी आले, आणि येताना ताडपत्री घेऊनच आले, आधी ती बांधली आणि मग बोलायला बसले. मला तिथेच माणूस आवडला. बाकीचे आधी "टोटल स्क्वेअर फूट किती" विचारतात.

दुसऱ्या दिवशी खरं काम. मामा आईला म्हणाले, "आजी, कपाट जरा बाजूला घेऊ, आणि थेंब कुठे पडतो ते राहू द्या, आधी वासा बघू." बॅटरी मारून दाखवलं, वाशाच्या, म्हणजे रिपांखालच्या तिरक्या लाकडाच्या बाजूने काळपट ओघळ वरपर्यंत गेलेला, म्हणजे पाणी आत शिरतंय चांगलं तीन-चार हात वर आणि वाशावरून घसरत येऊन कपाटावर टपकतंय. आम्ही इतके दिवस कपाटाच्या बरोबर वरची कौलं बघत होतो. मग मामांच्या हाताखालचा पोरगा वर गेला आणि मगाने पाणी ओतायला लागला, पण खालच्या ओळीपासून, एक ओळ झाली की थांबायचं, आतून मामा बघणार, मग वरची ओळ. वरून एकदम पाइप सोडला तर सगळंच भिजतं आणि कळत काहीच नाही.

आणि सापडलं काय, तर केबलवाल्याने फोडलेली कौलं हा अर्धाच मामला होता. खरी गडबड मागच्या कोणीतरी केलेल्या "दुरुस्ती"ची. तडा गेलेल्या कौलावर सिमेंट थापलेलं होतं. कौलाला पाणी वाहून जायला जी खाच असते ती त्या सिमेंटने बुजली, पाणी अडलं, तुंबलं आणि शेजारच्या कौलाच्या सांध्यातून आत. खालची रीप तिथेच कुजली होती. शिवाय कौल उन्हात तापतं, पावसात गार पडतं, सिमेंट त्याला धरून राहतच नाही, वर्षा-दोन वर्षांत सुटतं. मामांचं म्हणणं, सिमेंट फक्त आढ्यावरच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या कौलांना, बाकी फुटलं की बदलायचं.

बदलण्यात पण मेख आहे. आमचं एक कौल उलटं करून दाखवलं, मागे कारखान्याचा शिक्का. मंगलोरला बासेल मिशनने 1865 ला कारखाना काढला, त्यानंतर तिकडे बरेच कारखाने निघाले आणि साचे थोडे थोडे वेगळे, त्यामुळे एकाचं कौल दुसऱ्याच्या खाचेत चपखल बसेलच असं नाही, आणि फट राहिली की वाऱ्याच्या पावसात पाणी आत. मामांकडे पाडलेल्या वाड्यांमधून आणलेल्या कौलांचा साठा आहे, त्यातून त्याच शिक्क्याची शोधून आणली. नवीन कौलं घ्या म्हणून मागे लागले नाहीत.

बसवताना वरच्या ओळीतली कौलं थोडी वर सरकवायची, फुटलेलं अलगद काढायचं, नवीन कौलाचं नाक रिपेला अडकवायचं आणि वरची परत खाली. पोरगा कौलांवर पायच देत नव्हता, आडवी फळी टाकून त्यावर बसून सगळं. रीप पूर्ण नाही बदलली, कुजलेला तुकडाच कापला पण जोड बरोबर वाशावर येईल असा, मध्ये लोंबता नाही. वाशाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला, टणक निघाला, म्हणून त्याला हात लावला नाही. तो भुसभुशीत असता तर छोट्या कामात भागलं नसतं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पन्हळीत कबुतरांनी केलेला उकिरडा आणि पिंपळाचं एक रोप, तेही न सांगता काढलं.

सगळं मिळून साडेचार हजार, कौलं आणि रीप धरून. त्यानंतर सिंहगडाकडून आलेला तो जोरदार पाऊस झाला, कपाट कोरडं.

आता नावं ठेवायची तर, फुटक्या कौलांचा ढीग अंगणातच टाकून गेले, दोनदा फोन केल्यावर उचलला. बिल म्हणजे वहीचा फाटका कागद, जीएसटी वगैरे विसरा. शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीला छप्पर टेकतं तिथली पत्र्याची पट्टी पण सैल झालीय, ती "दिवाळीनंतर बघू" म्हणाले, ते मला फारसं पटलं नाही, तिथूनच पुढचं गळणार. गॅरंटी विचारली तर म्हणाले, "वर कोणी चढलं नाही तर गॅरंटी." साडेचार स्टार.

नंबर जाहीर टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, हवा असेल तर मेसेज करा. फोन संध्याकाळी सातनंतर लावा, दिवसा ते कोणाच्या तरी छपरावर असतात आणि मोबाइल खाली पिशवीत.