हॉस्टेल रिन्यूअलचा रिव्ह्यू: फॉर्म वीस मिनिटांचा, बाकी सगळा उन्हाळा

यंदा एमएस्सी सेकंड इयरला हॉस्टेल परत मिळालं, त्याचा हा रिव्ह्यू. विद्यापीठ पुण्यातलं आहे, नाव घेत नाही, अजून वर्षभर तिथंच राहायचंय आणि गेटवरचे मामा मला लांबून चालीवरून ओळखतात. रूमचा रिव्ह्यू नाहीये हा, रूमबद्दल शेवटी दोन ओळी टाकते. हा आहे परत अर्ज करायच्या भानगडीचा, कारण फर्स्ट इयरच्या मुलींसाठी माहितीपत्रक असतं, मदत कक्ष असतो, सोबत आलेले आईवडील असतात, आणि आपल्याला सगळे म्हणतात तुला काय, तू तर जुनीच.

पाचपैकी तीन. फॉर्मला साडेचार, नो ड्यूजला (म्हणजे कुठंही काही देणं बाकी नाही अशा सह्या गोळा करण्याला) दीड, काढा सरासरी.

पहिली गोष्ट म्हणजे रिन्यूअल हा शब्दच डोक्यातून काढून टाका. बसचा पास रिन्यू होतो. हॉस्टेल मे महिन्यात रिकामं करायचं असतं आणि मग नव्यानं मागायचं असतं, मागची रूम, मागची कॉट, मागची पार्टनर यातलं काहीच आपलं नसतं. मी बावळटासारखा मार्चमध्ये खिडकीचं माप घेऊन जिंतूरच्या टेलरकडून पडदा शिवून आणला होता, दोन वर्षं पुरेल म्हणून. तो आता दुसऱ्याच खिडकीवर वीतभर आखूड लोंबतोय.

नोटिशीत लिहिलेलं असतं "जुन्या विद्यार्थिनींना प्राधान्य". ते खरंय, पण अर्धं. जुन्यांच्या जागा वेगळ्या काढून ठेवतात हे बरोबर, पण त्या जागांवर नंबर लागतो मागच्या वर्षीच्या मार्कांवर, आणि बॅकलॉग असेल तर यादीच्या पार तळाला. म्हणजे सेकंड सेमचा निकाल लागेपर्यंत यादीच लागत नाही, आणि निकाल कधी लागतो ते तुम्हाला माहितीच आहे. सगळं घोडं तिथं अडतं. फॉर्म लवकर भरला म्हणून नंबर लवकर लागत नाही, हे मला यंदा कळलं, मी पहिल्या दिवशी रात्री बारा वाजून चार मिनिटांनी भरला होता.

फॉर्म मात्र खरंच चांगला केलाय, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. मागच्या वर्षीच्या पीआरएन नंबरनं (विद्यापीठानं दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक) लॉगिन केलं की नाव, पत्ता, जातीचा प्रवर्ग, पालकांचा नंबर सगळं आधीच भरलेलं येतं, फक्त बदललं असेल ते दुरुस्त करायचं. मोबाईलवरून होतो, मध्येच लाईट गेली तरी अर्धा भरलेला तसाच राहतो (गावाकडं मे महिन्यात ही फार मोठी गोष्ट आहे). फोटो पन्नास केबीच्या आत लागतो, तेवढं आधी करून ठेवा. एकच ठिकाणी अडकले, अँटी रॅगिंगचं हमीपत्र. मला वाटलं ते पहिल्या वर्षी दिलंय, आता मी सीनियर, माझं कोण रॅगिंग करणार. तर ते तसं नसतं, आपण दुसऱ्याचं करणार नाही हे लिहून द्यायचं असतं, आणि यूजीसीच्या २००९ च्या नियमानुसार ते दर वर्षी नव्यानं भरावं लागतं, विद्यार्थ्याचं पण आणि पालकांचं पण. ऑनलाईन भरलं की ईमेलवर एक रेफरन्स नंबर येतो, तो हॉस्टेलच्या फॉर्ममध्ये टाकल्याशिवाय शेवटचं बटण दाबलंच जात नाही. माझा ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडला होता, तासभर मी त्या सरकारी वेबसाईटला शिव्या घातल्या, सॉरी. आणि त्याच पानावर १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाईन असते, ती चोवीस तास असते, सेव्ह करून ठेवा, कोणाला कधी लागेल सांगता येत नाही.

आता नो ड्यूज. इथं माझे सगळे स्टार गेले.

पाच सह्या लागतात, लायब्ररी, डिपार्टमेंटची लॅब, जिमखाना, मेस आणि हॉस्टेल ऑफिस, आणि ह्या सगळ्या रूम सोडायच्या आधी घ्यायच्या, कारण तो कागद स्कॅन करून पुढच्या अर्जाला जोडायचा असतो. लायब्ररी पाच मिनिटात झाली, लॅबमध्ये सरांनी न बघता सही केली, जिमखान्यात मी वर्षभरात पायच ठेवला नव्हता तर ते काका म्हणाले मग सही कशाची करू, तरी केली. मेसला आले आणि सुरू झाला खाडा.

आमच्याकडं नियम असा की सलग तीन दिवसांच्या वर घरी जाणार असाल तर आदल्या दिवशी रजिस्टरला लिहायचं, मग तेवढ्या दिवसांचा खाडा बिलातून वजा होतो. फेब्रुवारीत चुलतबहिणीच्या लग्नाला नऊ दिवस गेले होते, रजिस्टरला लिहिलं होतं, माझ्या हातानं, निळ्या पेननं. मेस महिन्याला ३२०० म्हणजे नऊ दिवसांचे झाले ९६०. मेसवाले म्हणाले ते रजिस्टर भरलं, हे नवीन आहे, जुनं काही सापडत नाही. म्हणलं दादा रजिस्टर भरलं म्हणजे गेलं कुठं? तर म्हणे ऑफिसला जमा. ऑफिस म्हणे मेसकडं. दोन दिवस हेच. शेवटी पैसे भरले, कारण सही नसेल तर फॉर्म नाही आणि ९६० रुपयांसाठी वर्ष कोण घालवणार, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं कळतं. "पुढच्या बिलात वळते करू" असं तोंडी सांगितलंय. बघू.

आणि मग खुर्ची. आपण रूम सोडताना ती परत ताब्यात घ्यायला मावशी येतात, हातात स्टॉक रजिस्टर, एकेक वस्तू वाचायची आणि बघायची. कॉट एक, आहे. टेबल एक, आहे. कपाटाची किल्ली, आहे. पंखा, ट्यूब, बादली हुक, सगळं आहे. खुर्ची लाकडी एक. माझ्या रूममध्ये खुर्ची होती पण प्लॅस्टिकची, आणि ती मी आले त्या दिवसापासून प्लॅस्टिकचीच होती. मावशी म्हणाल्या, "बाई, प्लॅस्टिकची मला चालंल गं, पण ह्या वहीला चालत नाही." दंड किती तर ८००. मी म्हणलं थांबा. रजिस्टरमध्ये खुर्चीचा नंबर होता, ब-४७, पाठीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेला असतो म्हणाल्या. मग मी आणि माझी पार्टनर तीन मजले फिरलो, दारं वाजवून, परीक्षा चालू असलेल्या मुलींच्या खुर्च्या मागून बघत, एक जण तर रडत अभ्यास करत होती तिला पण उठवलं. सापडली कुठं तर गच्चीच्या जिन्याखाली इस्त्री करायच्या कोपऱ्यात, बसायच्या फळीवर जळक्या इस्त्रीचा त्रिकोण, आणि पाठीवर ब-४७. इतका आनंद मला फर्स्ट सेमच्या निकालाला झाला नव्हता. खांद्यावर घेऊन खाली आले, मावशींनी टिक केली, आणि म्हणाल्या आता ती प्लॅस्टिकची कोणाची?

तर, रूम मिळाल्या दिवशी प्रत्येक वस्तूचा नंबरासकट फोटो काढा. पावती, सही वगैरे नंतर.

हार्ड कॉपीचं पण सांगते. ऑनलाईन भरून झाल्यावर प्रिंट, झेरॉक्स आणि पालकांचं हमीपत्र प्रत्यक्ष नेऊन द्यायचं, पोस्टानं नाही. मला जो दिवस मिळाला त्याच दिवशी पालख्या पुण्यात येणार होत्या, रात्रभर बसमध्ये बसून आले, सकाळी ट्रॅफिक वळवलेलं, ड्रायव्हरनं वाकडेवाडीच्या बऱ्याच अलीकडं उतरवलं आणि म्हणाला आता माउलीच नेतील. फाईल पोटाशी धरून गर्दीतनं चालत गेले, एका ठिकाणी राजगिऱ्याचा लाडू मिळाला, एका ठिकाणी केळं, हॉस्टेल ऑफिसला पोचले तर क्लार्क सर खिडकीतनं बाहेर बघत होते, रांग शून्य, पाच मिनिटात काम. म्हणजे तसं बघितलं तर बेस्ट दिवस.

बाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं मात्र आधी घाबरवलं होतं की हमीपत्र स्टॅम्प पेपरवर लागतं, आणि ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा जाऊन पाचशेचा आलाय, वर नोटरीचे वेगळे. मी काढणार होते, पण म्हणलं आधी विचारू. क्लार्क सर म्हणाले साध्या कागदावर पालकांची सही पुरते, झेरॉक्सवर पण स्वतःच सही करायची, ॲटेस्टेड वगैरे काही नको. २०१५ पासून सरकारनंच स्वयंघोषणापत्र आणि स्वतःची सही असलेल्या प्रती चालवायला सांगितलंय, पण झेरॉक्सच्या दुकानात हे कोणी सांगत नाही. नोटिशीत स्पष्ट "स्टॅम्प पेपर" लिहिलं असेल तरच घ्या.

आता खरी अडचण, जी नोटिशीत कुठंच नसते. लेक्चर १ जुलैला सुरू, निकाल ९ ला, यादी २४ ला. मधले दिवस कुठं राहायचं? मी पेठेत कॉट बेसिसवर बघितलं, एका रूममध्ये चार कॉट, महिना साडेचार हजार, आणि किमान तीन महिन्यांचे आगाऊ. एका ठिकाणी मालकांनी वर जीएसटी पण सांगितला. तर ऐका, जून २०२४ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत ठरलंय, माणशी महिना वीस हजारांपर्यंत भाडं आणि सलग नव्वद दिवस राहणं असेल तर जीएसटी माफ आहे. शिवाय ज्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे त्याला साधारणपणे जीएसटी नंबरच घ्यावा लागत नाही, तर तो आपल्याकडून घेणार कसला. पक्की पावती मागा, आवाज आपोआप खाली येतो.

मी शेवटी अकरा दिवस एका पीएचडीवाल्या ताईच्या रूमवर पॅरासाइट म्हणून, म्हणजे नावावर रूम नसताना चोरून, काढले (हे वाचून मामांनी काही मनावर घेऊ नये) आणि उरलेले आत्याकडं हडपसरला. आत्याच माझी लोकल गार्डियन आहे, फॉर्मवर तिचीच सही. त्यावरून क्लार्क सर हसून म्हणाले, आत्या आहे तर तिथंच राहा की. पण नियमात बघतात ते आईवडिलांचा पत्ता, गार्डियनचा नाही, त्यामुळे पुण्यात नातेवाईक आहेत म्हणून अर्ज बाद होत नाही, कोणी म्हणलं तर नीट सांगा. जाऊन येऊन रोजचे तीन तास जायचे, पण आत्याच्या हातचं जेवून मेसची सवय मोडली, ते वेगळंच नुकसान.

यादीत माझा नंबर अठरावा होता, जागा चाळीस. यादी लागल्यावर फी भरायला फक्त तीन दिवस देतात, शुक्रवार, शनिवार, रविवार धरून, आणि गावाकडून पैसे यायला वेळ लागतो तर आधीच बाजूला काढून ठेवा. डिपॉझिट मागचंच पुढं ओढतात, फक्त मागची पावती दाखवावी लागते. ती माझ्याकडं होती, कारण आजोबांनी सगळ्या पावत्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवून ठेवल्या होत्या. आजोबा हॉस्टेलला अजून बोर्डिंग म्हणतात, ते स्वतः कोल्हापूरला बोर्डिंगात राहून शिकले, शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं तिथपासूनच्या गोष्टी त्यांना पाठ आहेत. माझं खाड्याचं रडगाणं ऐकून म्हणाले आमच्याकडं भाकरी मोजून मिळायची, खाडा कसला.

नंबर नाही लागला तर हातपाय गाळू नका. माझ्या मैत्रिणीचा बॅकलॉगमुळे नाही लागला, ती स्वाधार योजनेवर बाहेर राहते, समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी आहे ती, पुण्यासारख्या शहरात वर्षाला साठ हजारांपर्यंत मिळतात, फक्त पैसे येतात उशिरा, तोपर्यंत उसनवारी. विद्यार्थी साहाय्यक समितीकडं पण चौकशी करा, १९५५ पासून ग्रामीण भागातल्या मुलामुलींसाठीच काम आहे त्यांचं. त्यांची प्रवेशाची पद्धत वेगळी आहे, आमच्या यादीची वाट बघत बसलात तर तिकडची वेळ निघून जाईल.

रूम तिसऱ्या मजल्यावर मिळालीय. हवा चांगली, सोलरचं पाणी सकाळी साडेसहालाच संपतं, पार्टनर नाशिकची आहे आणि झोपेत बोलते. मेस तीच, खाडा अजून आलेला नाही. खुर्ची लाकडी, नंबर क-११२, फोटो काढलाय आणि मोबाईल हरवला तर म्हणून आत्याला पण पाठवून ठेवलाय, तिनं लगेच फोन केला, केवढ्याला घेतलीस म्हणून.