ट्यूब माइक घ्यावा की साधा कंडेन्सर? गावातल्या स्टुडिओसाठी के-टू आणि एनटी-१ समोरासमोर

गावातच छोटा स्टुडिओ टाकायचा, भजन मंडळाचं, भीमगीतांचं, झाडीपट्टीच्या नाटकांतल्या गाण्यांचं रेकॉर्डिंग करायचं म्हणून बरेच पोट्टे तयारीला लागून राहिले, लय चांगली गोष्ट आहे, पण माइक घ्यायची वेळ आली की सगळे एकाच जागी अडकतात, ट्यूबवाला घेऊ की साधा कंडेन्सर. म्हणून एकाच कंपनीचे दोन माइक समोरासमोर ठेवतो, रोड कंपनीचा के-टू, जो ट्यूबचा आहे, आणि त्याच कंपनीचा एनटी-१, जो साधा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्याकडे लाईन आणि खोली दोन्ही नीट आहेत आणि मुख्य काम गळ्याचं आहे त्यानं ट्यूब घ्यावा, बाकी सगळ्यांनी एनटी-१ घ्यावा आणि उरलेला पैसा खोलीत घालावा.

दोघांत फरक काय ते थोडक्यात. कंडेन्सर माइकची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा पातळ पडद्याचा भाग, फार नाजूक सिग्नल देते, तो वायरमध्ये जायच्या आधी माइकच्या आतच सांभाळून घ्यावा लागतो. हे काम के-टूमध्ये ६९२२ नंबरची ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी, करते, एनटी-१ मध्ये छोटासा ट्रान्झिस्टर. जुने नावाजलेले स्टुडिओ माइक, म्हणजे १९४९ चा नॉयमन यू-४७, १९५३ चा एकेजी सी-१२, १९६० चा नॉयमन यू-६७, हे सगळे ट्यूबवालेच होते. मग ट्रान्झिस्टर आले, १९६७ ला नॉयमनचा यू-८७ आला, आणि ट्यूबला लागणारा वेगळा पॉवर सप्लाय उचलून फिरायची कटकट संपली. आपण मिक्सरवर जे ४८ व्होल्टचं फॅन्टम बटन दाबतो ना, म्हणजे माइकच्या केबलमधूनच माइकला वीज देणारं, त्याची गोष्ट मला फार आवडते. १९६६ च्या सुमारास नॉयमननं नॉर्वेच्या रेडिओला ट्रान्झिस्टरचे माइक दिले, तिथल्या स्टुडिओत लाईन गेल्यावर लागणाऱ्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, तीच माइकला वापरली आणि पुढे सगळीकडे तोच आकडा चालू झाला.

आता आपल्याकडची लाईन. मला विचाराल तर अर्धा निर्णय इथंच होतो. ट्यूब माइक फॅन्टमवर चालत नाही, त्याला स्वतःचा पॉवर सप्लायचा डबा लागतो आणि तो डबा भिंतीच्या बोर्डातच लावावा लागतो, ट्यूबची तार तापवायला वेगळा करंट आणि वर शंभराच्या पुढचे व्होल्ट असं सगळं तोच देतो. म्हणजे लाईन गेली की माइक मेला, आणि लाईन आली की पुन्हा पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, तेव्हा कुठं आवाज एका जागी बसतो. तोवर गाणाऱ्या बाईचा गळा थंड झालेला असतो. एनटी-१ चं तसं नाही, लॅपटॉपच्या बॅटरीवर यूएसबीनं चालणारा छोटा इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायचा डबा, त्याला ४८ व्होल्ट देतो, त्यामुळे गावात अंधार असला तरी तुमचा टेक चालूच राहतो. आणि एनटी-१ ची जी पाचवी पिढी आहे तिला तर माइकमध्येच यूएसबी आहे, इंटरफेस नसला तरी काम होतं, अन ३२-बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करता येतं, म्हणजे गायकानं एकदम वरची पट्टी लावली तरी लेव्हल फाटायची भीती फार कमी.

कोणी म्हणेल इन्व्हर्टर आहे की. आहे, पण पाहून घ्या कोणता आहे ते, काऊन की गावात बऱ्याच घरी स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर असतो आणि त्यावर ट्रान्सफॉर्मरवाले सप्लाय गुणगुणतात, तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये यायची भीती असते. ट्यूब घ्यायचाच असेल तर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, सोबत स्टॅबिलायझर ठेवा. भजनवाली मंडळी दिवसभर वावरात असतात, रेकॉर्डिंगला रात्रीच येतात, आणि कृषिपंपाची लाईनही पुष्कळदा रात्रीचीच, मोटरी सुरू झाल्या की बल्ब मंद होतो हे कोणाला सांगायला नको. अर्थिंगही पक्कं पाहिजे, मीठ-कोळसा टाकून खड्डा करून घ्या, दोन पिनच्या प्लगवर ट्यूब माइक लावायचाच नाही, कारण आत व्होल्टेज जास्त आहे आणि जिवाशी खेळ नको. सप्लाय चालू असताना त्याची केबल काढायची नाही हेही घरातल्या पोरासोरांना सांगून ठेवा.

आता आवाजाचं. ट्यूब म्हणजे आपोआप गोड आवाज असं जे बोलल्या जातं ते अर्धंच खरं आहे. माइकचा स्वभाव जास्त करून कॅप्सूल ठरवते, ट्यूब त्यावर थोडा रंग चढवते, विशेषतः आवाज मोठा झाला की सूर किंचित भरल्यासारखा वाटतो. आपल्या इकडची भजनं बहुतेक वरच्या पट्टीत, छातीतून, मोकळ्या गळ्यानं म्हटली जातात, आणि अशा गळ्याला स्वस्त कंडेन्सर लावला की आवाज पत्र्यासारखा कानात घुसतो. के-टूवर तोच गळा मला जास्त अंगानं भरलेला वाटतो, शब्दाच्या शेवटची आस नीट ऐकू येते, मिक्स करताना इक्वलायझरला हात कमी लावावा लागतो. पेटीचाही मधला भाग छान येतो. एनटी-१ सरळ आहे, स्वच्छ आहे, जे समोर आहे ते तसंच देतो, आणि चांगल्या गायकासाठी हा काही कमीपणा नाही.

कागदावर एनटी-१ जास्त शांत आहे, त्याचा स्वतःचा खरखराट साधारण ४ डीबी आणि के-टूचा १० डीबी. शहरातल्या बंद, कापूस-फोम लावलेल्या बूथमध्ये हा फरक धरता येईल, पण आपल्या खोलीत बाहेर कुत्रं, शेजारी टीव्ही, वर टिनाचं छत, मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलर बंद करून बसायची कोणाची हिंमत, तिथं हे ६ डीबी कुठल्या कुठं बुडून जातात. म्हणून या आकड्यावरून माइक निवडू नका बाप्पा. खोली सुधारा. जुन्या मातीच्या भिंतीचं, कवेलूचं घर असेल तर तेच वापरा, सिमेंटच्या नव्या खोलीपेक्षा तिथं आवाज कमी उसळतो. सिमेंटचीच खोली असेल तर भिंतींवर जाड वाकळा टांगा, कोपऱ्यात कापसाच्या गाद्या उभ्या करा.

के-टूकडे एक गोष्ट आहे जी एनटी-१ कडे नाहीच. सप्लायच्या डब्यावरचं बटन फिरवून माइक कोणत्या बाजूनं ऐकेल ते बदलता येतं, सगळीकडून, फक्त समोरून, किंवा समोर-मागे दोन्हीकडून. दोन गायकांना समोरासमोर बसवून एकाच माइकवर सवाल-जवाब घेता येतो, किंवा एक म्हणणारा आणि भोवती त्याच्यामागं ओळ धरणारे झीलकरी असं मंडळ गोल बसवून मधोमध माइक ठेवता येतो. एकमेकांकडे पाहत गायलं की भजनाला जो जोर येतो तो एकेकाला हेडफोन लावून, वेगवेगळं गाऊन घेतलं तर येत नाही असं माझं पक्कं मत आहे. एनटी-१ फक्त समोरचं ऐकतो. पण खोली उघडी-बोडकी असेल तर सगळीकडून ऐकणारा माइक खोलीचा सगळा घुमाराही उचलून आणेल, तेव्हा हा फायदा खोलीवाल्यालाच.

खंजिरी मात्र दोघांवरही सांभाळून घ्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आपल्या भागात खंजिरीशिवाय भजन पूर्ण वाटत नाही, पण तिच्या झांजांचा छनछनाट मोठ्या कॅप्सूलच्या माइकवर जवळून घेतला तर गाण्याच्या अंगावर येतो. तिच्यासाठी आणि ढोलकीसाठी शुअरचा एसएम-५७ घ्या. डायनॅमिक माइक आहे, म्हणजे कंडेन्सरसारखी बाहेरून वीज न लागणारा, त्याला ना फॅन्टम लागतं ना सप्लाय, आणि चुकून पडला तरी सहसा काही होत नाही.

देखभाल दोघांनाही लागते. कापसाच्या हंगामात हवेत बारीक तंतू असतात, कॅप्सूलच्या पडद्यावर विजेचा भार असल्यानं धूळ तिथं ओढली जाते, म्हणून काम झालं की माइकवर स्वच्छ पिशवी किंवा डबा. पावसाळ्यात ओल धरली की कंडेन्सर तडतडतो, सिलिका जेल टाकून बंद डब्यात ठेवायचा. ट्यूबचं जास्तीचं म्हणजे काही वर्षांनी ट्यूब बदलावी लागते, ६९२२ ऑनलाइन मिळते. पण त्याची केबल सात पिनची असते, ती उंदरानं कुरतडली तर तालुक्याच्या साउंडवाल्याकडं मिळेल याचा भरवसा नाही. एनटी-१ ची साधी तीन पिनची केबल कोणीही सोल्डर करून देतो.

किमतीत के-टू ढोबळमानानं अडीच-तीन पट जातो, वर इन्व्हर्टर-स्टॅबिलायझरचा खर्च वेगळा. तेवढ्यात एनटी-१, इंटरफेस, एक एसएम-५७ आणि खोलीच्या वाकळा-गाद्या असं सगळं बसू शकतं. नवीन सुरू करणाऱ्यानं, आणि लग्नाची, वाढदिवसाची, प्रचाराची गाणी अशी मिळेल ती कामं घेणाऱ्यानं हेच करावं, मला यात शंका वाटत नाही. ज्याचं काम जमलं आहे, ठरलेले गायक येऊन राहिले, खोली शांत आहे, त्यानं मग के-टूकडे वळावं, आणि तेव्हाही एनटी-१ विकू नये, लाईन गेलेल्या रात्री तोच कामी येतो.

जुना के-टू कोणी विकत असेल तर सप्लायचा डबा, सात पिनची केबल आणि शॉकमाउंट (माइकला हादरे लागू नये म्हणून लावायची लवचिक पकड) तिन्ही सोबत आहेत का ते आधी पाहा. विदेशातून आलेला असेल तर डबा २३० व्होल्टसाठीच आहे ना ते तपासा. मग अर्धा तास तापू द्या, हेडफोन लावा, गेन, म्हणजे इंटरफेसवरची माइकची पातळी, वाढवून कोणी न बोलता ऐका, फटफट किंवा चरचर येत असेल तर ट्यूब आणि कॅप्सूल दोन्हीवर शंका घेऊनच भाव बोला.