फोर-एचची लाल रिबन आणि आमचे आबा (आयोवातल्या दोन वर्षांचा रिव्ह्यू)

दिवाळीच्या फराळाला जमलो होतो तेव्हा दोघीतिघींनी विचारलं की तुमची मुलगी त्या फोर-एच मधे जाते ना, कसं आहे, आमच्या मुलांना घालायचं का. तेव्हा चकल्या तळता तळता अर्धवट काहीतरी सांगितलं, आता नीट लिहिते. हे सगळ्या फोर-एचला लागू होईल असं नाही हं, क्लब बदलला काऊंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) बदलली की बरंच काही बदलतं. आम्ही आयोवात आहोत, क्लबचं आणि काऊंटीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण दोनतीन तक्रारी पण आहेत आणि गाव एवढंसं, किराणा दुकानात तीच माणसं भेटतात. आणि मी मुख्यतः एकाच गोष्टीवर लिहिणारे, पोरांनी काही करून दाखवलं की हे लोक त्याची दखल कशी घेतात त्यावर. बाकी मीटिंगा, पिझ्झा, कोण कोणाला गाडीतून सोडणार हे सगळं इतर क्लाससारखंच.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी, फोर-एच ही मुलांच्या क्लबांची अमेरिकेतली संघटना, चार एच म्हणजे हेड, हार्ट, हँड्स आणि हेल्थ. चिन्ह म्हणजे हिरवं चार पानांचं क्लोव्हर (एक प्रकारचं गवत), प्रत्येक पानावर एक एच. मुळात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी सुरू झालेलं. ओहायोवाले सांगतात की 1902 मधे आमच्या ए. बी. ग्रॅहमनी सुरू केलं, आयोवावाले सांगतात आमच्या पेज काऊंटीत जेसी फील्ड नावाच्या मास्तरीणबाई 1901 पासूनच शाळा सुटल्यावर मुलांचे क्लब घेत होत्या, यावर इथे कोणाशी वाद घालायला जाऊ नका, माझा अर्धा तास गेलाय त्यात. 1914 च्या कायद्यानंतर हे सगळं कृषी विद्यापीठांच्या विस्तार खात्याकडे आलं, म्हणजे आपल्याकडे राहुरी किंवा दापोली विद्यापीठाने खेडोपाडी मुलांचे क्लब चालवावेत तसं समजा, आमच्या इथे ते आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीकडे आहे. मला आवडलेली गोष्ट अशी की हे क्लोव्हर अगदी सुरुवातीच्या काळातच पिन म्हणून आलं, त्याच जेसीबाईंनी 1910 च्या सुमारास तीन पानांची तीन एचवाली पिन काढली, चौथा एच नंतर चिकटला. म्हणजे पोराच्या शर्टावर लावायचा बिल्ला आधी आणि हा विद्यापीठाबिद्यापीठाचा डोलारा नंतर.

आता आमची गोष्ट. मुलगी चौथीत गेली तेव्हा घातली, आयोवात मोठ्यांचा गट चौथीपासून बारावीपर्यंत आहे. त्याखालच्यांसाठी क्लोव्हर किड्स, आमचा धाकटा त्यात आहे. गायी डुकरं पाळायचीच असं काही नाही बरं का, हा पहिला गैरसमज. शिवण, फोटो, रोबोट, सुतारकाम, बागकाम, स्वयंपाक, काहीही प्रोजेक्ट घेता येतो. हिने स्वयंपाक घेतला आणि आजीची नानकटाई करायचं ठरवलं, म्हटलं चला, ओव्हनमधलं काम आहे, उन्हात दिवसभर टेबलावर राहिली तरी खराब होणार नाही, कारण काऊंटी फेअरला (उन्हाळ्यातली जत्राच, तिथे पोरं आपापल्या प्रोजेक्टच्या वस्तू मांडतात) फ्रिजमधे ठेवावे लागणारे पदार्थ चालत नाहीत.

मे पासून जुलैपर्यंत घरात नुसती नानकटाई. मी तर तुपाचा वास आला की खिडकी उघडायचे.

वस्तू घेऊन जाताना सोबत एक कागद द्यावा लागतो. तुझं ध्येय काय होतं, त्यासाठी तू काय काय केलंस, आणि त्यातून महत्त्वाचं काय शिकलीस. तीनच प्रश्न. मला वाटलं फॉर्म आहे, भरून टाकू. नाही. तिथे एका टेबलापलीकडे जज बसलेली असते आणि मुलगी एकटी तिच्यासमोर बसते, आईबापांनी मागे उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. दहाएक मिनिटं त्या बाईंनी आमच्या पोरीशी एवढ्या मन लावून गप्पा मारल्या की काय सांगू. तूप म्हणजे काय, बटरपेक्षा वेगळं कसं वागतं, वेलची किती, रवा का घातलास. मग एक नानकटाई उलटी करून खालचा रंग दाखवला, म्हणाल्या ही एका बाजूने जास्त भाजलीय, ट्रे मधेच फिरवलास का, आणि सगळ्या एका मापाच्या नाहीत, पुढच्या वेळी वजन करून गोळे कर. मग तोडली, खाल्ली, चव छान आहे म्हणाल्या. आणि लाल रिबन दिली.

गाडीत बसल्याबसल्या रडायला लागली. अमेरिकेत निळी म्हणजे पहिली आणि लाल म्हणजे दुसरी एवढं तिला शाळेतून माहीत होतं. मलाही तेवढंच माहीत होतं, आणि खरं सांगते, मला पण वाईट वाटलं, तुपात सत्तर डॉलर घातले होते.

तर इथेच खरी मेख आहे आणि हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून एवढं लांबण लावतेय. यांच्याकडे काऊंटी फेअरला जी पद्धत असते तिला डॅनिश पद्धत म्हणतात. त्यात मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करतच नाहीत. वस्तू चांगली म्हणजे कशी याचं एक माप ठरलेलं, त्या मापाला पुरेपूर उतरली तर निळी, बरीचशी उतरली पण सुधारायला जागा आहे तर लाल, अजून बरंच काम करायचंय तर पांढरी. वीस पोरांनी उत्तम काम केलं तर वीसच्या वीस निळ्या. कोणीच नाही केलं तर एकही नाही. लाल म्हणजे दुसरा नंबर नाही, लाल म्हणजे ट्रे फिरव आणि गोळे वजन करून कर.

आपल्या डोक्यात हे शिरायला वेळ लागतो हो. आमच्या शाळेत गॅदरिंगला पहिल्या तिघांना स्टेजवर बोलवायचे, स्टीलचा डबा नाहीतर कंपासपेटी, बाकीच्या सत्तावन्न जणांनी टाळ्या वाजवायच्या. मी कायम पाचवी सहावी. दहा वर्षं टाळ्या वाजवल्या आणि मला निबंधात नक्की काय कमी पडतं हे एकाही बाईंनी कधी शेजारी बसवून सांगितलं नाही. एवढं तरी इथे मिळतं, लाल रिबन मिळालेल्या पोराला पण पूर्ण दहा मिनिटं मिळतात.

त्या उन्हाळ्यात सासरे आले होते, सांगलीकडचे, हयातभर शेती. आम्ही आबा म्हणतो. त्यांना फेअरला नेलं तर ते गोठ्याच्या बाजूचे हलेचनात. पोरं गायींना शॅम्पू लावतायत, ब्लोअरने केस वाळवतायत, शेपटीचा गोंडा विंचरतायत, आबा एकदम खूश, बेंदराला आम्ही पण असंच धुतो म्हणाले. मग आतल्या हॉलमधे आलो, तिथे नातीची नानकटाई काचेखाली आणि शेजारी ओळीने निळ्या रिबिनी. आबा प्रत्येकीपुढे थांबले आणि मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, अगं सगळ्यास्नी निळीच? मग पयला कोण आला? मी समजावलं की आबा इथे नंबर नसतो. ते म्हणाले नंबर नाही तर मग एवढी माणसं बघायला कशाला आलीत.

अगदीच चुकीचं नव्हतं म्हणा. कारण नंबर अजिबात नाही असंही नाही. निळ्यांमधून निवडून काही जांभळ्या रिबिनी देतात, आणि त्यातून काही वस्तू ऑगस्टमधे राजधानीत, डे मॉईनला, अख्ख्या राज्याच्या स्टेट फेअरला पाठवतात, आणि तिथे कोण जाणार यावरून आईबापांचे चेहरे बघावेत, आपल्याकडचे स्कॉलरशिपच्या निकालाच्या दिवशीचे पालक परवडले. आमच्या क्लबात एक लाकडी कपाट आलं होतं जांभळ्या रिबिनीचं, त्याचे सांधे बघून माझा नवरा म्हणाला हे करणाऱ्याचं वय पंचेचाळीस तरी असणार. मुलगा बारा वर्षांचा. सगळ्यांना कळतं, कोणी बोलत नाही. जजने त्याच्याशी पण दहा मिनिटं गप्पा मारल्या असतील ना, मग कसं सुटलं, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

जनावरांच्या बक्षिसाबद्दल शाकाहारी घरांनी आधीच मनाची तयारी ठेवा. वर्षभर वाढवलेलं, नाव ठेवलेलं डुक्कर नाहीतर वासरू रिंगणात फिरवतात, रिबन लागते, आणि बऱ्याच ठिकाणी फेअरच्या शेवटी मांसासाठी लिलाव. गावातले बँकवाले दुकानवाले मुद्दाम चढ्या भावाने बोली लावतात कारण ते पैसे पोराच्या कॉलेजला जातात, हा पण कौतुकाचाच प्रकार. पण आमच्या शेजारचा धिप्पाड सोळा वर्षांचा पोरगा गळ्यात रिबन घातलेल्या त्याच्या स्टिअरला (खच्ची केलेल्या गोऱ्ह्याला) मिठी मारून हुंदके देत होता, आणि आबा तिथून जे निघाले ते गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले की पोरगं चांगल्या मनाचं आहे.

धाकट्याचं उलट. क्लोव्हर किड्सना स्पर्धाच नाही, सगळ्यांना सारखी रिबन, कोणी जोखत नाही. त्याने आईस्क्रीमच्या काड्यांचा पूल केला होता तो टेबलावर ठेवताना मोडला, तरी मिळाली. फ्रिजवर लावलीय. सहा वर्षांच्या पोराला एवढंच पुरे, यात मला काही खोट दिसत नाही, पण मोठ्यांना पण असंच दिलं असतं तर मी दुसऱ्या वर्षी पैसे भरले नसते.

आता तक्रारी. रेकॉर्ड बुक! फेअर झाली म्हणजे सुटलो असं समजू नका, वर्षाअखेरीला अख्ख्या प्रोजेक्टची वही द्यायची, काय ठरवलं होतं, किती खर्च, काय जमलं काय फसलं, फोटो, आणि आपल्या शब्दात एक गोष्ट. कल्पना चांगली आहे, मोठी मुलं म्हणे कॉलेजच्या अर्जाला त्यातूनच उचलतात, पण दहा वर्षांच्या मुलीकडून ते लिहून घेणं म्हणजे सुट्टीच्या शेवटच्या रात्री गृहपाठाच्या वह्या भरण्यासारखं. आमच्या घरात त्या आठवड्यात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. रोजच्या रोज दोन ओळी लिहा, मी सांगतेय, नंतर तूप किती डबे लागलं ते आठवत नाही. (मी क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवरून काढलं.)

दुसरं म्हणजे आमच्या क्लबचा बक्षीस समारंभ. फेअरमधे एकेका पोराला दहा मिनिटं देणारी हीच माणसं समारंभात चाळीस नावं सहा मिनिटांत उरकतात. बाईंनी मुलीचं नाव असं काही उच्चारलं की ती उठलीच नाही, तिला वाटलं दुसऱ्या कोणाला बोलवतायत. सर्टिफिकेटवर आडनावातली दोन अक्षरं उलटसुलट. पिना कमी आल्या होत्या, आमची जानेवारीत पोस्टाने आली, तोवर पोरीचा उत्साह संपलेला. मी मेल केला तर क्लबच्या बाईंनी लगेच माफी मागितली, नवीन सर्टिफिकेट पण पाठवलं, बिचाऱ्या सगळ्या विनापगारी काम करतात त्यामुळे जास्त ताणून धरलं नाही. पण पुढच्या वर्षी मीच आधी जाऊन नाव कसं म्हणायचं ते इंग्रजीत फोड करून लिहून दिलं. तुम्हीही द्या. आपल्या पोरांची नावं त्यांना येत नाहीत यात त्यांचा दोष थोडा आणि आपण कधी सांगितलं नाही हा आपला जास्त.

दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा नानकटाईच नेली, मी म्हटलं होतं दुसरं काहीतरी कर, ऐकलं नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन प्रत्येक गोळा वीस ग्रॅम. जज वेगळ्या होत्या. आधीच्या वर्षीचा कागद हिने जपून ठेवलेला, तो पुढे केला आणि म्हणाली मागच्या वेळी हे सांगितलं होतं, ते मी असं केलं. निळी मिळाली. जांभळी नाही, स्टेट फेअरला पण नाही, आणि गाडीत ती त्याबद्दल काहीच बोलली नाही, आईस्क्रीम कुठे खायचं एवढंच बोलली. महिन्याभराने काऊंटीकडून रिबिनीच्या बक्षिसाचा चेक आला, साडेतीन डॉलर. तो अजून वठवलेला नाही, बापाने फ्रेम करायला घेतलाय.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा रेकॉर्ड बुकमुळे आणि समारंभामुळे कापला, कपाटाचा राग धरला असता तर अर्धा अजून गेला असता. ज्यांना मुलाला चषक हवाय, शेल्फवर मांडायला, त्यांनी कराटे लावा, तिथे लवकर मिळतात. घालायचंच असेल तर काऊंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला (म्हणजे त्या विस्तार खात्याच्या) फोन करा, आमच्या इथे वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, फी काऊंटीप्रमाणे बदलते पण डान्स क्लासच्या मानाने काहीच नाही. आणि दोनतीन क्लबांच्या मीटिंगांना नुसतं जाऊन बसून या, आमच्यासारखं घराजवळचा म्हणून पहिलाच पकडू नका.

ती लाल रिबन आता इथे नाही. आबा परत जाताना मागून घेऊन गेले, नातीची आठवण म्हणून. सांगलीच्या घरी सोप्यात देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगलीय. परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं तर शेजारचे कोणी आले होते आणि आबा त्यांना दाखवत होते की आमच्या नातीचा अमेरिकेत पयला नंबर आला. ही इकडून ओरडली, आबा, नंबर नसतो, लाल म्हणजे पहिला नाही, मी तुम्हाला सांगितलंय! आबांनी फोन जवळ घेतला, आवाज बारीक केला आणि म्हणाले, व्हय गं बाय, कळलंय मला, पर ह्यास्नी ते टरे फिरवायचं कुठं समजावत बसू?