भाट्याच्या खाडीवर एक वर्ष: पाणी तपासणीच्या संचाविषयी

किनाऱ्याजवळचे पाणी कधी हिरवट होते आणि कधी होत नाही, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवता यावे म्हणून गेल्या मृगाआधी आम्ही महाविद्यालयासाठी एक संच मागवला. त्यात पाणी किती नितळ आहे हे मोजणारी सेकी चकती, क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि तापमापक आहे. रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत तो वर्षभर वापरल्यावर हे लिहीत आहे.

संचातील सर्वांत मोलाची वस्तू चकती. १८६५ साली आंजेलो सेकी यांनी भूमध्य समुद्रात वापरलेली ही पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. होडीच्या सावलीच्या बाजूने पांढरी चकती सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली व वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्यायची. त्याच्या अडीच-तीन पट खोलीपर्यंत वनस्पती प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, पुरेल इतका उजेड पोचतो, असे ढोबळमानाने धरतात. आषाढात काजळी नदीचे तांबडे पाणी उतरले की चकती हातभर खाली जाताच नाहीशी होते. त्या पाण्याबरोबर सिलिकेट आणि नायट्रेट येत असल्याने डायाटम या प्लवकांना पोषणाची वाण नसते, तरी उजेडाअभावी त्यांची वाढ अडते. पाऊस ओसरून गाळ बसू लागला की तेच पाणी हिरवट होऊ लागते. मात्र चकती लवकर दिसेनाशी झाली ती गाळामुळे की प्लवकांमुळे, हे चकती सांगत नाही. म्हणून ती अर्ध्यावर थांबवून तिच्यावरचा पाण्याचा रंग पाहावा आणि थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरावे. उधाणाला तळ ढवळतो आणि भांगाला पाणी निवळते, त्यामुळे तिथीची नोंद केल्याशिवाय दोन दिवसांची तुलना करू नये.

रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरले की निळ्या-पांढऱ्या सीमेवर क्षारता वाचता येते. पावसाळ्यात वरचे आणि तळाचे पाणी तपासले, तेव्हा गोडे पाणी खाऱ्यावर कसे तरंगते हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. असे थर टिकले तर प्लवक उजेडात राहतात, हा धडा फळ्यावर इतका पटत नाही. परंतु हे उपकरण साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असल्याने ३५ क्षारतेचे (हजार भागांत ३५ भाग क्षार असलेले) समुद्राचे पाणी सुमारे दीड अंकाने जास्त दाखवते आणि सोबतच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. ३५ क्षारतेच्या प्रमाण द्रावणाने ते जुळवून घ्यावे. तापमापक ठीक आहे.

खरी तक्रार दोरीची आहे. भिजल्यावर ती ताणली गेली आणि शाईच्या खुणा महिनाभरात पुसल्या. आम्ही दुसरी दोरी आणून, ती ओली करून मोजली व दर अर्ध्या मीटरवर रंगीत दोऱ्याच्या गाठी बांधल्या. शाळा-महाविद्यालयांनी हा संच अवश्य घ्यावा, पण खाडीवर नेण्यापूर्वी दोरी बदलूनच.